चाल मूळची कोणाची?

भंडारा जिल्ह्यांत धानाची कापणी उरकली आणि दिवाळीनंतरच्या मंडईचे दिवस सुरू झाले, म्हणजे गांवोगांव रात्रीचीं नाटकें लागूं लागतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील वैनगंगेच्या आसमंतांतला जो धानाचा व रानाचा मुलूख झाडीपट्टी या नांवानें ओळखला जातो, त्यांत ही रीत शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. दंडारीचे खेळ तर त्याहूनही मागचे. मंडई असो कीं शंकरपट असो, पाव्हण्यारावळ्यांनीं घर भरलें कीं रात्रीं मंडपांत जाऊन बसावयाचें आणि पहांटे परतावयाचें, हा येथला शिरस्ता. ऑर्गन व तबला घेऊन वादक हजर असतात, आणि नाटक सामाजिक असो कीं ऐतिहासिक, गाण्यावांचून तें उभें राहत नाहीं.

अशा खेळाला नागपुराहून किंवा पुण्याहून आलेला एखादा रसिक बसला आणि रंगमंचावरून जुनें नाट्यपद ऐकूं आलें, तर त्याचा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो. गळा बरा आहे, तयारीही वाईट नाहीं. पण मूळ गाण्याची सर कोठून येणार! हें बोलणें सौम्य असतें, म्हणूनच तें अधिक लागतें. ज्याच्याविषयीं तें बोललें जातें त्याला उत्तर देतां येत नाहीं. कारण ‘मूळ’ हा शब्द उच्चारला कीं वाद मिटला, असें आपण सर्वच धरून चालतों. मला तो वाद मिटलेला वाटत नाहीं. मराठी रंगभूमीवरील गाण्यांचा इतिहास जरा उकलून पाहिला, तर मूळ म्हणून ज्याकडे बोट दाखवावें तें दर वेळीं एक पायरी मागें सरकतें.

जुन्या संगीत नाटकाचें कोणतेंही पुस्तक उघडून पाहावें. पदाच्या माथ्यावर, राग आणि ताल यांच्या शेजारीं, ‘चाल’ म्हणून एक बारीक ओळ छापलेली असते, आणि त्या ओळींत दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे आरंभीचे शब्द असतात. नाटककारानें आपलें ऋण असें चारचौघांत मांडून ठेवलेलें आहे. वाचतांना ती ओळ गाळण्याची संवय मात्र आपल्याला लागली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें. दोनशेंवर पदें असलेल्या या नाटकाला नव्यानें रचलेल्या चाली कितीशा असणार? अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, कानडी गाणीं त्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेलीं. तीं त्यांनीं घेतलीं, कीर्तनकारांची साकी-दिंडी घेतली, लावणी घेतली, हिंदुस्थानी चिजा घेतल्या. या साऱ्यांना त्यांनीं कण्वाच्या आश्रमांत असें नांदावयास लाविलें, कीं पुढच्या पिढीला त्या चाली शकुंतलेच्या माहेरच्याच वाटूं लागल्या. दोन वर्षांनीं आलेल्या ‘सौभद्रा’तही हाच संसार आहे.

त्या ‘सौभद्रा’तली पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर यांची. लावणीच्या अंगाचा, भरधाव फिरणारा त्यांचा गळा होता, असें ऐकणारे सांगत आले. भाऊराव १९०१ सालीं वारले. आणि आपल्या देशांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन विलायतेची मंडळी कलकत्त्यास उतरली ती १९०२ सालीं. म्हणजे सुभद्रेचा मूळ आवाज कोणत्याही तबकडीवर नाहीं, आणि असूं शकत नाहीं. ‘सौभद्रा’चें म्हणून जें गाणें आज आपण मूळ समजतों, तें मूळ भूमिकेनंतरच्या माणसांचें आहे. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले तेव्हां भाऊरावांची आठवण ताजी होती, आणि भाऊरावांच्या गाण्यावर पोसलेल्या श्रोत्यांपुढें त्यांना त्याच नाटकांतून उभें राहावें लागलें. आजच्या झाडीपट्टींतील गायकाच्या वाट्याला जी तुलना येते, ती एके काळीं बालगंधर्वांच्याही वाट्याला आलेली होती, हें आपण अगदीं विसरून गेलों आहोंत.

उसन्या चालींचा खरा बखेडा झाला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या वेळीं. कोल्हटकर नागपुरास जन्मलेले आणि वऱ्हाडांत वकिली केलेले, म्हणजे आपल्या बाजूचेच. १८९६ सालच्या ‘वीरतनया’त त्यांनीं पारशी मंडळ्यांच्या उर्दू नाटकांतल्या नखरेल चाली आणल्या आणि त्यांवर मराठी शब्द चढविले. या चाली परक्या आहेत, अशी ओरड झाली. गंमत अशी कीं, कानडी चाली सोळा वर्षांत घरच्या झालेल्या होत्या. उर्दूला तेवढा अवधि मिळाला नव्हता, एवढाच काय तो फरक! तथापि कोल्हटकरांच्या टीकाकारांचें म्हणणें सगळेंच निराधार नव्हतें, असें माझें मत आहे. उर्दू वा व्रजभाषेंतील ओळ बहुधा मोकळ्या दीर्घ स्वरावर येऊन थांबते, आणि गायकाला तेथें आवाज पसरावयास जागा मिळते. मराठी वाक्याचा शेवट क्रियापदानें होतो, मध्यें जोडाक्षरें येतात. तीं नेमकीं तानेच्या जागीं पडलीं कीं गाणाऱ्याची जीभ अडते आणि ऐकणाऱ्याला अर्थ हरवतो. कोल्हटकरांच्या कित्येक पदांत शब्द चालीच्या मागें धांपा टाकीत पळतांना दिसतात. चाल परकी होती हा दोष नव्हे. ती कोणत्या पात्राच्या तोंडीं, कोणत्या घटकेला जाते, याकडे लक्ष कमी पडलें हा दोष.

तें लक्ष पुरविणारे पुढें भेटले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस झालें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. गोविंदराव जातीचे पेटीवादक; पूरबकडच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या त्यांच्या बोटांत मुरलेल्या. कोठीवर गाइली जाणारी लाडिक चीज त्यांनीं श्रीमंताच्या मानी मुलीला दिली; तिच्यांतला नखरा ठेवला आणि रोख बदलला. आर्जवाची चाल रुसव्याची झाली. मूळ ठुमरी ज्यांनीं ऐकलेली असेल त्यांना भामिनीचें पद ऐकतांना दुप्पट मौज वाटली असेल. ज्यांनीं ऐकलेली नव्हती त्यांचें कांहींच अडलें नाहीं.

याच नाटकांतील धैर्यधराच्या पदांची कहाणी मूळपणाच्या वादाला फारच उपयोगी आहे. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. ते १९११ सालींच वारले. पुढें गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हां खुद्द टेंबे धैर्यधर झाले. म्हणजे चाल बसविणाराच तीच चाल गाऊं लागला. मूळ म्हणावयाचें तर याहून अधिक मूळ कोणतें? आणि तरीही लोकांच्या स्मरणांत धैर्यधर म्हणून टेंबे राहिले नाहींत. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस जो संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग झाला, त्यांत बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले. केशवरावांचें गाणें चढाईचें, तडफेचें. नारायणरावांचें शब्दाला कुरवाळीत जाणारें. त्या रात्रीचीं वर्णनें मराठी घरांतून दोन पिढ्या सांगितलीं गेलीं. केशवराव त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत वारले, आणि त्यांचा तो धैर्यधर आख्यायिका होऊन बसला.

त्यानंतर आले मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यांनीं फार मोठें धाडस केलें. ‘मानापमाना’तील कांहीं पदांच्या चालीच त्यांनीं आपल्या आक्रमक, झेपावणाऱ्या गळ्याला मानवतील अशा पालटून टाकिल्या. शब्द खाडिलकरांचे, भूमिका तीच, पण चाल टेंब्यांची नव्हे. आज चाळिशी-पन्नाशीच्या कोणत्याही गाणाऱ्याला धैर्यधराचें पद म्हणावयास सांगावें. तो बहुधा दीनानाथांच्या वळणानेंच म्हणेल, आणि टेंब्यांची चाल कोणी ऐकविली तर हें मूळ नव्हे असें शपथेवर सांगेल! चौथ्या हातानें पहिल्या हाताची जागा घेतली, आणि कोणाची तक्रार राहिली नाहीं. तक्रार कां राहिली नाहीं? रणांगणावरील माणसाचा आवेश त्या नव्या चालींत अधिक भरला, हें ऐकणाऱ्यांच्या कानांनीं मान्य केलें म्हणून.

‘स्वयंवरा’चा प्रकार याहून नाजूक आहे. १० डिसेंबर १९१६ रोजीं हें नाटक आलें, आणि त्याला चाली देणारे होते भास्करबुवा बखले. बुवांनीं बडोद्यास फैज महंमदखां, पुढें आग्र्याच्या घराण्याचे नत्थनखां आणि शेवटीं अल्लादियाखां, अशा तीन थोर उस्तादांची विद्या पचविली होती. आयुष्य वेंचून मिळविलेल्या बंदिशींतून त्यांनीं रुक्मिणीचीं पदें काढून दिलीं. ख्यालांत शब्द थोडे, आणि तेही सुरांना टेकण्यापुरते. गवई एकेका अक्षरावर घटका घटका घालवितो. पदांत तसें चालत नाहीं. रुक्मिणीला कृष्णाविषयीं कांहीं सांगावयाचें आहे, आणि प्रेक्षकाला तें कळलें पाहिजे. म्हणून विस्तार आटोपशीर करावा लागला, लय थोडी चढवावी लागली, तानेची जागा शब्द संपल्यावर ठेवावी लागली. ख्यालाच्या दृष्टीनें यांत पुष्कळ गेलें. पण घरांतल्या ज्या बायामाणसांना उस्तादांच्या बैठकीचें दार कधींच उघडलें नसतें, त्यांच्या ओठांवर यमन आणि भीमपलास येऊन बसले ते याच वाटेनें. जें गेलें त्याबद्दल हळहळणारे गवई त्या काळींही असतील. मी त्यांना दोष देत नाहीं, परंतु सौदा तोट्याचा झाला असें मला वाटत नाहीं.

राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ हें तर याहून विलक्षण उदाहरण. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेरास, नागपूर जिल्ह्यांत, वारले. नाटक रंगभूमीवर आलें तें त्यांच्या पश्चात. पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं केलीं आणि चालींसाठीं सुंदराबाईंचें गाणें कामास आलें. गजल, दादरा, ठुमरी गाण्यांत सुंदराबाईंचा हातखंडा. मैफलींतल्या आशक-माशुकाच्या विरहासाठीं जन्मलेले सूर अशा रीतीनें दारुड्या नवऱ्याच्या पायीं घर धुळीला मिळतांना पाहणाऱ्या सिंधूच्या घरीं आले. ऐकतांना कोणाला मैफल आठवत नाहीं. सुरांना पूर्वजन्म असतो, पण त्याची आठवण त्यांना ठेवावी लागत नाहीं, ही मोठी सोय आहे.

मग ‘मूळ’ ही कल्पना आपल्या डोक्यांत इतकी घट्ट बसली कशी? माझ्या समजुतीनें हें तबकडीचें काम आहे. बालगंधर्व रंगमंचावर एक पद पुन्हां पुन्हां ‘वन्समोअर’ घेऊन गात, आणि प्रत्येक वेळीं निराळ्या जागा घेत. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. तेव्हां यंत्रापुढें बसून गायकाला तेंच पद घाईनें, कापून, एकदांच म्हणावें लागे. त्या दिवशीं जें निघालें तें लाखेवर कोरलें गेलें. रंगमंचावरच्या शेंकडों रात्री विरून गेल्या आणि ती एक दुपार अजरामर झाली. आतां गंमत पाहा: विद्यार्थी ती तबकडी ऐकून पद उचलतो, तिच्यांतली कापाकापीसुद्धां जशीच्या तशी गातो, आणि आपण म्हणतों, वाः, अगदीं मूळ! बालगंधर्वांनीं स्वतः ज्या रीतीनें कधीं दोन रात्री सारख्या काढल्या नाहींत, ती रीत त्यांच्या नांवानें कायदा होऊन बसली आहे.

इंग्रजी संगीताच्या जगांत, विशेषतः गिटारींच्या गर्जनेवर चालणाऱ्या रॉक संगीतांत, एकानें मुद्रित केलेलें गाणें दुसऱ्यानें पुन्हां मुद्रित केलें तर त्याला ‘कव्हर’ म्हणतात, आणि मूळ सरस कीं कव्हर सरस यावर तेथील रसिक हिरीरीनें भांडतात. तेथेंही निकाल नेहमीं मुळाच्या बाजूनें लागत नाहीं. बॉब डिलनचें ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हें १९६७ सालचें गाणें. साधी गिटार, तोंडानें वाजवावयाचा बाजा, आणि कोरडा, सांगण्याचा आवाज. पुढच्याच वर्षीं जिमी हेंड्रिक्स यानें तें विजेच्या गिटारीवर असें पेटविलें, कीं डिलन स्वतःही पुढें आपलें गाणें त्याच वळणावर गाऊं लागला. ओटिस रेडिंग याचें ‘रिस्पेक्ट’ १९६५ सालचें. त्यांत दमून घरीं येणारा पुरुष बायकोकडून मान मागतो. १९६७ सालीं अरेथा फ्रँकलिन हिनें तेंच गाणें स्त्रीच्या तोंडून म्हटलें, आणि सारा अर्थ उलटला. आपल्याकडे याची उलट-सुलट दोन्ही रूपें होऊन गेलीं आहेत. पुरुषानें स्त्रीवेषांत गाइलेलीं पदें हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या मागून आलेल्या गायिकांच्या गळ्यांत गेलीं, तेव्हां स्वर वर चढला, लाडिकपणा ओसरला, आणि जें आजवर स्त्रीत्वाचें सुंदर चित्र होतें तें साक्षात् स्त्रीचें बोलणें झालें. बालगंधर्वांच्या चाहत्यांना हें फिकें वाटलें असेल. मला तें अधिक खरें वाटतें. अधिक सुंदर वाटतें कीं नाहीं, हें अजून ठरवितां येत नाहीं.

दुसऱ्याचें गाणें गावें कसें, याचें उत्तर कुमार गंधर्वांनीं एका नांवांतच देऊन ठेवलें आहे. बालगंधर्वांचीं पदें घेऊन त्यांनीं जो कार्यक्रम केला, त्याला ते ‘मला उमजलेले बालगंधर्व’ म्हणाले. कुमारांचा श्वास आंखूड, स्वर टोंकदार, लगाव निराळा. नक्कल त्यांना साधलीही नसती आणि त्यांनीं ती केलीही नाहीं. बालगंधर्व कोणत्या अक्षरावर कां थांबतात, तेवढें त्यांनीं ओळखलें. ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत नम्रता आहे आणि अधिकारही आहे.

विदर्भाच्या वाचकांना अभिमान वाटावा असें यापुढचें उदाहरण आहे. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं ‘कट्यार काळजांत घुसली’ लिहिलें आणि तें २४ डिसेंबर १९६७ रोजीं रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें. खांसाहेबांच्या भूमिकेंत मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरास वाढलेले वसंतराव देशपांडे. या नाटकांत एकच पद दोन घराण्यांच्या दोन निराळ्या चालींत, दोन निराळ्या रागांत गाइलें जातें: पंडितजींच्या बाजूनें धानींत आणि खांसाहेबांच्या बाजूनें सालगवराळींत. आपण येथवर जो वाद करीत आहोंत, तोच दारव्हेकरांनीं रंगमंचावर उभा केला आहे. दोहोंतलें मूळ कोणतें, हा प्रश्न नाटक पाहतांना सुचतही नाहीं; एक ऐकून दुसऱ्याकडे कान लागतात, एवढेंच. २०१५ सालीं याच नाटकाचा चित्रपट झाला, त्यांत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खांसाहेबांचा गायनाचा आवाज झाले, आणि आजोबांच्या तुलनेचें ओझें त्यांनाही चुकलें नाहीं.

आतां पुन्हां झाडीपट्टीकडे येऊं. येथला गायक उघड्या मंडपांत, थंडीच्या रात्रीं, शेंकडों-हजारों माणसांपुढें गातो. बाळंतपणांतलें पोर कडेवर घेऊन आलेली बाई आणि शेवटच्या रांगेंत घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा, या दोघांनाही शब्द पोंचले पाहिजेत. म्हणून बारीक हरकती गळतात, ओळीचा शेवट ठळक होतो, लय जरा पुढें सरकते. बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो, तो गाण्यांतही कधीं उतरतो आणि शहरी कानाला खटकतो. भास्करबुवांनीं ख्यालाचें पद करतांना जी काटछांट केली तिच्याच जातीची ही काटछांट आहे. श्रोता बदलला म्हणून गाणें बदललें. लोकप्रिय चालीवर नवे शब्द बसविण्याचीही येथें लाज नाहीं. ती कां असावी? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या पुस्तकांतही भजनाच्या माथ्यावर ‘तर्ज’ म्हणून दुसऱ्या गाण्याची ओळ छापलेली सांपडते. किर्लोस्करांची ‘चाल’ ती हीच.

पण म्हणून सगळेंच क्षम्य आहे, असें मी म्हणणार नाहीं. जेथें चाल केवळ टाळ्यांसाठीं उचललेली असते, मुलगा गमावलेल्या आईच्या तोंडीं ठेक्याची सिनेमाची धून येते आणि ऑर्गनवाला हंसत हंसत ती वाजवितो, तेथें मी नागपूरच्या पाहुण्याच्या बाजूनें उभा राहीन. फक्त त्याची तक्रार मी निराळ्या शब्दांत मांडीन. मुळाची सर नाहीं हा गुन्हा नव्हे. या आईचा विचार कोणीं केला नाहीं, हा गुन्हा आहे. कोल्हटकरांच्या पदांवर घेतलेला आक्षेप हाच होता, आणि दीनानाथांना लोकांनीं माफी नव्हे, मान दिला तोही याच मोजमापानें.

या तुलनेंत झाडीपट्टीवर एक मोठा अन्याय मात्र होतो. मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांचें गाणें तबकड्यांवर राहिलें. भंडारा, साकोली, लाखांदूर, पवनी या भागांतल्या मंडपांत ज्यांनीं तींच पदें पिढ्यान् पिढ्या गाइलीं, त्यांचें गाणें राहिलें नाहीं. भाऊराव कोल्हटकर एका वर्षानें हुकले. हे लोक तर यंत्र घरोघर आल्यावरही हुकले. २०२३ सालीं या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं झाडीपट्टीची वाखाणणी केली. पण येथलीं गाणीं कशीं गाइलीं जातात, हें ऐकण्याची सोय त्यामुळें झाली नाहीं. आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र आहे. मंडईच्या दिवसांत एखाद्या वयोवृद्ध ऑर्गनवादकापाशीं बसावें; त्याला आठवतील तितकीं पदें गावयास लावावींत; पद कोणत्या नाटकांतलें, चाल त्याच्याकडे कोणाकडून आली, तो तें कोणत्या पट्टींत वाजवी, कोणत्या गांवीं ‘वन्समोअर’ मिळाला, हें शेजारीं टिपून ठेवावें. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोली आणि दंडार यांविषयीं असें काम करून ठेवलें आहे. नाट्यपदांचें काम त्यांच्याइतक्याच चिकाटीनें करणारा मिळाला, तर पुढच्या वेळीं येणाऱ्या पाहुण्याला दोन्ही बाजू ऐकून मग बोलतां येईल.